सर्वांचे एकच खाते: एका लहान कार्यालयाच्या नेटवर्कची फेररचना

या अभ्यासासाठी घेतलेले कार्यालय प्रातिनिधिक आहे. बांधकामाचे आराखडे तयार करून देणारी ३२ माणसांची एक सल्लागार संस्था असे त्याचे रूप धरले आहे. संकल्पन, लेखा, मनुष्यबळ आणि ग्राहकसंपर्क असे चार विभाग, दोन संचालक, आणि कामापुरते जोडले जाणारे बाहेरचे आरेखक. इंटरनेट सेवा देणाऱ्या कंपनीने बसवलेला एक राउटर, त्याला जोडलेले, संगणकांच्या तारा एकत्र आणणारे दोन साधे स्विच, एक फाइल सर्व्हर आणि भिंतीवर लावलेले वाय-फायचे उपकरण, एवढीच तिची संगणकीय व्यवस्था होती. संस्था दहा माणसांची असताना ही व्यवस्था उभी राहिली आणि माणसे वाढत गेली तरी ती तशीच राहिली.

बदलाला निमित्त झाले ते अगदी साधे. चालू प्रकल्पाचा एक अख्खा फोल्डर एके सकाळी जागेवर दिसेना. दुपारपर्यंत शोधल्यावर तो शेजारच्या प्रकल्पाच्या फोल्डरमध्ये सापडला. माउसने काहीतरी ओढताना कोणाच्या तरी हातून तो तिथे सुटला असावा. नुकसान काहीच झाले नाही. परंतु हे कोणी केले, असे संचालकांनी विचारले तेव्हा सर्व्हरच्या नोंदींत उत्तर होते आणि त्या उत्तराचा उपयोग मात्र शून्य होता. तिथे वापरकर्त्याचे नाव ‘ऑफिस’ असे होते, आणि प्रत्येक संगणकावर प्रत्येक जण त्याच नावाने व त्याच पासवर्डने लॉगिन करत असे. वेतनपत्रके असलेला फोल्डरही त्याच खात्याला उघडत होता. त्याला अडसर होता तो केवळ फोल्डरच्या नावापुढे लिहिलेल्या ‘खासगी’ या शब्दाचा.

अशा वेळी नवा फायरवॉल, म्हणजे नेटवर्कवरील ये-जा नियमांनुसार सोडणारे किंवा अडवणारे उपकरण, मागवण्याची घाई होते, आणि ती घाई समजण्यासारखी असते, कारण उपकरण विकत घेतले की काहीतरी केल्याचे समाधान मिळते. इथे मात्र खरेदी मुद्दाम पुढे ढकलली गेली. फायरवॉल नियम पाळतो, नियम ठरवत नाही. कोणाला कशाची गरज आहे हे संस्थेलाच ठाऊक नसेल तर सर्वांना सर्व काही खुले ठेवण्यापलीकडे त्या उपकरणाला काय सांगणार?

आधी मोजदाद

पहिले काम होते नेटवर्कवर नेमके काय काय आहे हे पाहण्याचे. कार्यालयात विचारले असता संगणक, प्रिंटर आणि सर्व्हर मिळून चाळिसेक उपकरणे असावीत असा अंदाज मिळाला. राउटरने उपकरणांना वाटलेल्या आयपी पत्त्यांची, म्हणजे नेटवर्कवरील त्यांच्या क्रमांकांची, यादी काढली तेव्हा ती साठीच्या पुढे गेली. फरक होता तो कर्मचाऱ्यांच्या मोबाइलचा, बैठकीच्या खोलीतील टीव्हीचा, कॅमेऱ्यांच्या रेकॉर्डरचा आणि एका टेबलाखाली धूळ खात चालू असलेल्या वाय-फाय रिपीटरचा. तो रिपीटर कोणी, केव्हा लावला हे कोणालाच सांगता आले नाही. त्याचा पासवर्ड मात्र निर्मात्याने दिलेलाच होता.

राउटरच्या व्यवस्थापन पानावर याहून गंभीर गोष्ट आढळली. एका संचालकांना घरून काम करता यावे म्हणून ३३८९ हा पोर्ट, म्हणजे नेटवर्कवरून आत येण्याचे क्रमांकित दार, इंटरनेटवरून थेट आतल्या एका संगणकाकडे वळवलेला होता. दूरवरून संगणक चालवू देणाऱ्या रिमोट डेस्कटॉपचा हा पोर्ट आहे आणि इंटरनेटवर उघडा सापडताच त्यावर पासवर्डचे अंदाज चालवणारी स्वयंचलित यंत्रणा जगभर अखंड फिरत असते. त्या संगणकाच्या सुरक्षा नोंदी उघडल्या तर फसलेल्या लॉगिनची नोंद, म्हणजे विंडोजमधील क्रमांक ४६२५ ची घटना, पाने भरभरून होती. तो पोर्ट त्याच दिवशी बंद करण्यात आला. पुढचे सर्व काम क्रमाने झाले, पण याला क्रम नव्हता.

कोणाला काय

यानंतरचा टप्पा तांत्रिक नव्हता आणि सर्वाधिक वेळ त्यानेच घेतला. एका मोठ्या तक्त्यात उभ्या बाजूला भूमिका आणि आडव्या बाजूला माहितीचे गट मांडले. भूमिका म्हणजे व्यक्ती नव्हेत. ‘लेखापाल’, ‘वरिष्ठ आरेखक’, ‘बाहेरचा आरेखक’ या भूमिका. प्रत्येक चौकटीत तीनपैकी एकच शब्द लिहायचा होता: काही नाही, वाचणे, किंवा बदलणे. संगणकसुरक्षेत किमान अधिकाराचे हे तत्त्व जेरोम साल्ट्झर आणि मायकेल श्रोडर यांनी १९७५ मध्येच स्पष्ट मांडलेले आहे: प्रत्येक वापरकर्त्याने आणि प्रत्येक प्रोग्रामने आपल्या कामाला पुरेल इतक्या कमीत कमी अधिकारांनिशी चालावे. तत्त्व मान्य करायला कोणाचीच हरकत नसते. हरकत येते ती तक्ता भरताना.

प्रत्येक माहितीगटाला एक मालक नेमण्यात आला. मालक म्हणजे त्या विभागाचा प्रमुख, नेटवर्क सांभाळणारा नव्हे. वेतनाचा फोल्डर कोणी पाहावा हे ठरवण्याचा अधिकार मनुष्यबळ विभागाचा. ते अमलात आणणे एवढेच तांत्रिक माणसाचे काम. ही विभागणी कागदावर क्षुल्लक वाटते, पण तिच्यामुळे पुढच्या कितीतरी कटकटी टळल्या, कारण ‘मला जरा तो फोल्डर उघडून दे’ अशी तोंडी विनंती आली की ‘मालकाची संमती आणा’ हे एकच उत्तर सर्वांना देता येऊ लागले.

सर्वांत नाजूक चर्चा संचालकांशी झाली. संस्था आपली, तर आपल्याला सर्व फोल्डर बदलण्याचा अधिकार हवा, ही त्यांची भूमिका स्वाभाविक होती. त्यावर दिलेला युक्तिवाद विश्वासाचा नव्हता. खंडणीसाठी फाइली कुलूपबंद करणारा प्रोग्राम ज्याच्या संगणकावर चालतो त्याचेच अधिकार वापरतो. म्हणून ज्या खात्याला सर्वत्र लिहिता येते, त्या खात्यावरची एक चुकीची क्लिक सर्वत्र पोहोचते. संचालकांचे ई-मेल पत्ते बाहेर सर्वांना ठाऊक असतात आणि फसवे ई-मेल आधी त्यांच्याकडेच येतात. शेवटी त्यांना सर्वत्र वाचण्याचा आणि फक्त स्वतःच्या फोल्डरमध्ये बदल करण्याचा अधिकार मिळाला. माझ्या मते संपूर्ण प्रकल्पात सुरक्षेचा सर्वाधिक लाभ याच एका निर्णयाने झाला आणि त्यासाठी एकही वस्तू विकत घ्यावी लागली नाही.

दुसरा प्रश्न फोल्डरांच्या किती खोल पातळीपर्यंत वेगळे अधिकार द्यायचे याचा होता. प्रत्येक प्रकल्पात, प्रत्येक उपफोल्डरवर वेगवेगळे अधिकार द्यावेत अशी मागणी संकल्पन विभागाकडून आली. ती नाकारली गेली. अधिकार वरून दुसऱ्या पातळीपर्यंतच बदलतील आणि त्याखाली सर्व काही वारशाने येईल, असा नियम केला. ज्या कागदपत्रांना वेगळी गोपनीयता हवी त्यांचा फोल्डरच वेगळा काढला. सातव्या पातळीवर दिलेली खास परवानगी देणाऱ्याला वर्षभरात आठवत नाही आणि नंतर येणाऱ्याला सापडत नाही.

खाती, गट आणि परवानग्या

तक्ता तयार झाल्यावर केंद्रीय निर्देशिका, म्हणजे सर्व खाती आणि गट एका जागी ठेवणारी व्यवस्था, उभारली. विंडोज सर्व्हरवरील ॲक्टिव्ह डिरेक्टरी निवडली, कारण संस्थेचे सर्व संगणक आधीच विंडोजचे होते. प्रत्येक माणसाला स्वतःचे खाते मिळाले. कोणत्याही फोल्डरवर कोणत्याही व्यक्तीचे नाव थेट लावायचे नाही हा नियम पहिल्या दिवसापासून पाळला. व्यक्ती भूमिकेच्या गटात जाते, भूमिकेचा गट परवानगीच्या गटात जातो, आणि फोल्डरवर फक्त परवानगीचा गट लागतो. गटांची नावेही बोलकी ठेवली, उदाहरणार्थ ‘प्रकल्प-बदल’ आणि ‘प्रकल्प-वाचन’. ही साखळी लहान संस्थेला अवजड वाटू शकते, परंतु एखाद्याचे काम बदलले तर फक्त एका गटातून काढून दुसऱ्यात घालावे लागते. शेकडो फोल्डरांवर त्याचे नाव शोधत फिरावे लागत नाही.

इथे एक बारकावा नोंदवण्याजोगा आहे, कारण तो माहीत नसला की तक्रारींचा पाऊस पडतो. गटातील बदल चालू लॉगिनला लागू होत नाही. वापरकर्ता कोणकोणत्या गटांत आहे याची यादी लॉगिनच्या क्षणी तयार होते आणि लॉगआउट होईपर्यंत तीच वापरली जाते. अधिकार देऊनही फोल्डर उघडत नसेल तर बाहेर पडून पुन्हा आत यावे लागते. उलट बाजू अधिक महत्त्वाची: अधिकार काढून घेतल्यावरही उघडे असलेले सत्र काही काळ जुन्याच अधिकारांवर चालू राहते, म्हणून तातडीने काढायचा प्रवेश असेल तर ते सत्रही तोडावे लागते.

शेअर केलेल्या फोल्डरवर परवानग्यांचे दोन थर असतात, एक नेटवर्कवरील शेअरचा आणि एक विंडोजच्या डिस्कवरील एनटीएफएस फाइल प्रणालीचा. नेटवर्कवरून येणाऱ्याला त्या दोहोंपैकी जो कडक तोच लागू होतो. दोन्हीकडे बारीक नियम लिहिले की कोण कुठे अडतो आहे हे कळेनासे होते. म्हणून शेअरचा थर ओळख पटलेल्या सर्व वापरकर्त्यांना सैल ठेवला आणि खरा निर्णय पूर्णपणे एनटीएफएसवर सोपवला. ज्याला जो फोल्डर वाचता येत नाही त्याला तो दिसूही नये, ही सोय चालू केली. ‘नाकारा’ या प्रकारची परवानगी एकदाही वापरली नाही. थेट लावलेला नकार त्याच ठिकाणच्या संमतीवर मात करतो, आणि दोन गटांत असलेल्या माणसाच्या बाबतीत त्याचे परिणाम अनपेक्षित निघतात.

जुन्या सर्व्हरवरील माहिती नव्या ठिकाणी नेताना आणखी एक सापळा होता. एकाच ड्राइव्हवर फाइल हलवली तर ती आपल्या जुन्या परवानग्या बरोबर घेऊन जाते. तिची प्रत काढली तर प्रतीला नव्या फोल्डरच्या परवानग्या मिळतात. त्यामुळे स्थलांतर मुद्दाम प्रत काढून केले आणि प्रत काढणाऱ्या साधनाला सुरक्षेची माहिती सोबत न आणण्याची सूचना दिली. तसे केले नसते तर जुना ‘सर्वांना सर्व काही’ हा कारभार नव्या सर्व्हरवर जसाच्या तसा उतरला असता आणि वरवर पाहता सगळे व्यवस्थित दिसले असते. प्रकल्प पूर्ण झाल्यानंतरही हा धोका संपत नाही: दोन्ही फोल्डरांत लिहिण्याचा अधिकार असलेला माणूस एखादी फाइल गोपनीय जागेतून खुल्या जागेत किंवा उलट हलवतो, तेव्हा तिच्या परवानग्या तिच्या नव्या पत्त्याशी जुळत नाहीत. त्यासाठी वरच्या फोल्डरपासून वारसा पुन्हा लागू करण्याचे काम दर आठवड्याला आपोआप होईल अशी व्यवस्था केली.

‘ऑफिस’ हे जुने खाते लगेच नष्ट केले नाही. आधी त्याचा वापर कोण करते याची नोंद घेतली आणि त्यातून दोन गोष्टी पुढे आल्या. स्कॅनर त्याच खात्याने फाइली सर्व्हरवर टाकत होता. त्याला फक्त एका फोल्डरमध्ये लिहिता येईल असे स्वतंत्र खाते दिले. स्कॅनर एसएमबीच्या, म्हणजे नेटवर्कवरून फाइली देण्याघेण्याच्या विंडोजच्या पद्धतीच्या, पहिल्या आवृत्तीवरच चालत होता. मे २०१७ मध्ये जगभर पसरलेल्या वॉनाक्राय या खंडणीखोर प्रोग्रामने नेमका याच जुन्या आवृत्तीतील दोष वापरला होता, तोही मायक्रोसॉफ्टने दुरुस्ती उपलब्ध करून दिल्यानंतर दोन महिन्यांनी. एका यंत्रासाठी सर्व्हरवर ती आवृत्ती चालू ठेवणे मान्य नव्हते. सुदैवाने स्कॅनरच्या फर्मवेअरच्या, म्हणजे त्याच्या आतल्या प्रोग्रामच्या, नव्या आवृत्तीने काम भागले. दुसरी अडचण हिशेबाच्या प्रोग्रामची. तो चालवण्यासाठी वापरकर्त्याला संगणकाचा ॲडमिनिस्ट्रेटर (सर्वाधिकारी) करावे लागते असे विक्रेत्याने सांगितले होते. प्रत्यक्ष तपासले तेव्हा त्या प्रोग्रामला फक्त स्वतःच्या एका फोल्डरमध्ये लिहायचे होते. तेवढी परवानगी दिल्यावर तो साध्या खात्यावर निमूट चालू लागला. असले ‘लागतेच’ पडताळून पाहावे, ते बहुधा पडताळणीत टिकत नाही.

नेटवर्क सांभाळणाऱ्याकडे आता तीन खाती आहेत: रोजच्या ई-मेलसाठी साधे, कर्मचाऱ्यांच्या संगणकांवर दुरुस्ती करण्यासाठी दुसरे, आणि सर्व्हरसाठी तिसरे. तिसऱ्या खात्याने कर्मचाऱ्याच्या संगणकावर लॉगिन होऊच शकत नाही, कारण त्या संगणकात आधीच काही शिरले असेल तर तिथे वापरलेली ओळख चोरता येते. प्रत्येक संगणकाचा स्थानिक ॲडमिनिस्ट्रेटर पासवर्ड वेगळा असून तो ठरावीक काळाने आपोआप बदलतो. २०२३ पासून ही सोय विंडोजमध्येच अंगभूत मिळते.

पासवर्डच्या धोरणात दर महिन्याला बदलण्याची सक्ती मुद्दाम ठेवलेली नाही. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक संस्थेने २०१७ च्या मार्गदर्शनातच ठरावीक काळाने बदल लादू नये असे सांगितले आहे, कारण लोक शेवटचा आकडा एकाने वाढवून मोकळे होतात. त्याऐवजी लांबी वाढवली, फुटलेल्या पासवर्डच्या याद्यांशी पडताळणी लावली, आणि ई-मेल व बाहेरून येणारी जोडणी यांवर मोबाइलमधील ३० सेकंदांनी बदलणारा सहा आकडी कोड आवश्यक केला.

नेटवर्कचे भाग

आता कुठे उपकरणे खरेदी झाली: एक फायरवॉल, व्यवस्थापन करता येणारे दोन स्विच आणि दोन वाय-फाय उपकरणे. एकाच सपाट नेटवर्कचे सहा आभासी भाग, म्हणजे व्हीलॅन केले. कर्मचाऱ्यांचे संगणक क्रमांक १० मध्ये, सर्व्हर २० मध्ये, प्रिंटर ३० मध्ये, कॅमेरे व टीव्ही ४० मध्ये, पाहुणे व कर्मचाऱ्यांचे वैयक्तिक मोबाइल ५० मध्ये, आणि स्विच-फायरवॉल यांची स्वतःची व्यवस्थापन पाने ९९ मध्ये. पत्ते १०.२०.१०.० पासून पुढे, व्हीलॅनचाच क्रमांक तिसऱ्या जागी येईल असे ठेवले. १९२.१६८.१.० ही मालिका टाळण्यामागे सोयीचे कारण होते: घरगुती राउटर बहुधा तीच वापरतात, आणि घरचे व कार्यालयाचे पत्ते एकसारखे असले की बाहेरून जोडणाऱ्याचा संगणक सर्व्हर घरातच शोधत बसतो.

व्हीलॅन केले की सुरक्षा झाली, हा समज फार पसरलेला आहे. अनेक राउटर दोन व्हीलॅनमधील वाहतूक कोणी मुद्दाम अडवली नाही तर खुशाल पुढे पाठवतात. भाग पाडल्याने फक्त वेशी तयार होतात. वेशीवर पहारा बसवावा तो फायरवॉलच्या नियमांनीच. इथे शेवटचा नियम ‘बाकी सर्व बंद’ असा आहे आणि त्याच्या वर मोजक्या वाटा उघडल्या आहेत. कर्मचाऱ्यांच्या भागातून सर्व्हरकडे फाइलींसाठी ४४५, ओळख पटवण्यासाठी ८८ आणि ३८९, नावे शोधण्यासाठी ५३, वेळेसाठी १२३ आणि निर्देशिकेला लागणारे आणखी थोडे पोर्ट. प्रिंटरना स्वतःहून कोणाशीही बोलण्याची मुभा नाही. कॅमेऱ्यांना इंटरनेटच नाही; २०१६ मध्ये मिराई या घातक प्रोग्रामने निर्मात्यांचे ठरलेले पासवर्ड वापरून असेच कॅमेरे आणि रेकॉर्डर लाखोंच्या संख्येने ताब्यात घेतले होते. पाहुण्यांच्या भागातून फक्त बाहेर जाता येते आणि तिथली उपकरणे एकमेकांनाही दिसत नाहीत.

हे नियम एकदम लागू केले नाहीत. सुरुवातीला शेवटचा नियम सर्व जाऊ देणारा पण प्रत्येकाची नोंद घेणारा ठेवला. त्या नोंदींतून कोणालाच आठवत नसलेल्या गरजा वर आल्या, जसे एका जुन्या परवाना सर्व्हरशी आरेखनाच्या प्रोग्रामचे बोलणे. त्यांच्यासाठी नियम लिहून झाल्यावर मग तो शेवटचा नियम नकाराचा केला.

फायरवॉलची मर्यादाही ध्यानात ठेवावी लागते: एकाच व्हीलॅनमधील दोन संगणकांचे बोलणे त्याच्याकडे येतच नाही. म्हणून प्रत्येक संगणकाच्या स्वतःच्या फायरवॉलवर बाहेरून येणारा ४४५ बंद केला. कर्मचाऱ्यांच्या संगणकांना एकमेकांच्या फाइली थेट उघडण्याचे काही कारण नाही, आणि स्वतःहून पसरणारा प्रोग्राम नेमका हाच रस्ता शोधतो.

स्विचवर तार जोडण्याच्या न वापरलेल्या सर्व जागा बंद ठेवल्या. डीएचसीपी स्नूपिंग चालू केले, म्हणजे कोणी घरचा राउटर आणून भिंतीतील जोडणीत खोचला तरी तो इतरांना चुकीचे पत्ते वाटू शकत नाही. मॅक पत्त्यांची, म्हणजे उपकरणांना निर्मात्याने दिलेल्या ओळखक्रमांकांची, यादी करून तेवढ्यांनाच प्रवेश द्यावा ही सूचना आली होती. ती मान्य झाली नाही. वाय-फायवर मॅक पत्ता उघडपणे हवेतून जातो आणि कोणीही आपल्या उपकरणाला तो लावू शकतो, त्यामुळे त्या यादीने व्याप वाढतो, संरक्षण जवळपास वाढत नाही.

वाय-फायवर दोनच नावे प्रसारित होतात. कर्मचाऱ्यांच्या नावाला सर्वांचा मिळून पासवर्ड नाही. प्रत्येक जण निर्देशिकेतील स्वतःच्या खात्याने जोडला जातो आणि ती पडताळणी रेडियस सर्व्हर करतो. याचा खरा उपयोग माणूस सोडून जातो तेव्हा कळतो, कारण त्याचे एक खाते बंद केले की वाय-फायही बंद होते आणि उरलेल्या कोणालाही काही बदलावे लागत नाही. मात्र संगणकाने सर्व्हरचे प्रमाणपत्र, म्हणजे त्याच्या खरेपणाचा डिजिटल पुरावा, तपासलेच पाहिजे अशी सेटिंग केंद्रातून लावावी लागते. ती वापरकर्त्याच्या मर्जीवर सोडली तर त्याच नावाचे खोटे वाय-फाय उभे करून त्याची ओळख काढून घेता येते. बटण दाबून किंवा पिन टाकून जोडण्याची डब्ल्यूपीएस ही सोय पूर्ण बंद आहे. तिच्या आठ आकडी पिनमध्ये शेवटचा आकडा फक्त पडताळणीचा असतो आणि उरलेल्या पिनची तपासणी दोन तुकड्यांत होते, त्यामुळे प्रत्यक्षात ११,००० प्रयत्न पुरतात, हे २०११ मध्येच दाखवले गेले आहे.

बाहेरून येणारे

बंद केलेल्या ३३८९ च्या जागी व्हीपीएन, म्हणजे इंटरनेटवरून कार्यालयात येणारी कूटबद्ध जोडणी, आले. वायरगार्ड या व्हीपीएनचा विचार झाला होता. तो वेगवान आणि मांडणीला सोपा आहे, पण त्याला वापरकर्ता ही संकल्पनाच ठाऊक नाही, त्याची किल्ली उपकरणाला बांधलेली असते. इथे निर्देशिकेतील खाते आणि मोबाइलवरचा कोड दोन्ही तपासणारे व्हीपीएन हवे होते, म्हणून फायरवॉलमधीलच सोय वापरली. जोडले गेल्यावरही बाहेरचा माणूस कर्मचाऱ्यांच्या भागात येत नाही. त्याचा वेगळा भाग आहे आणि तिथून दिसतो फक्त फाइल सर्व्हर.

बाहेरच्या आरेखकांच्या खात्यांना मुदत घातली. करार ज्या तारखेला संपतो त्या तारखेला खाते आपोआप बंद होते. मुदतवाढ हवी असेल तर प्रकल्पप्रमुखाने ती मागावी लागते. २०१३ मध्ये अमेरिकेतील टार्गेट या दुकानसाखळीत शिरलेल्यांनी वातानुकूलनाची कामे करणाऱ्या ठेकेदाराची चोरलेली ओळख वापरली होती आणि तिथून पुढे सुमारे ४ कोटी ग्राहकांच्या कार्डांची माहिती गेली. ठेकेदाराचे काम जेवढे लहान तेवढा त्याचा प्रवेशही लहान असावा, एवढे त्यातून संचालकांना पटवणे सोपे झाले.

बदलाचे दिवस

सर्वप्रथम लेखा विभाग नव्या व्यवस्थेत आला, कारण तो लहान होता आणि त्याच्या गरजा ठरलेल्या होत्या. पहिल्याच सकाळी प्रिंटर दिसेनासे झाले. संगणक ज्या पद्धतीने आपोआप प्रिंटर शोधतात ती हाक स्वतःच्या व्हीलॅनबाहेर जात नाही. त्यावर प्रिंटर सर्व्हरमार्फत केंद्रातून वाटून दिले. एकमेकांशी जोडलेल्या काही एक्सेल फाइलींत जुन्या सर्व्हरचा पत्ता लिहिलेला होता, त्या एकेक करून दुरुस्त कराव्या लागल्या. एका संगणकावर लॉगिनच होईना. त्याचे घड्याळ मागे पडले होते. केर्बेरोस ही ओळखपद्धत मूळ सेटिंगमध्ये पाच मिनिटांहून अधिक फरक चालवून घेत नाही. संकल्पन विभागाला शेवटी घेतले, त्याच्या एका प्रकल्पाची मुदत उलटून गेल्यानंतर. तांत्रिकदृष्ट्या ते आधीही करता आले असते, पण मुदतीच्या आठवड्यात माणसाचा फोल्डर अडवला तर तो नव्या व्यवस्थेचा कायमचा विरोधक होतो.

येणे, बदलणे, जाणे

नवा माणूस आला की त्याला काय हवे ते तो स्वतःच मागतो. सोडून गेला की निदान कोणाच्या तरी लक्षात असते. निसटतो तो विभाग बदलणारा: त्याला नव्या कामाचे अधिकार मिळतात आणि जुने तसेच राहतात, कारण ते काढावेत अशी तक्रार करणारे कोणी नसते. अशा दोन-तीन बदल्या झाल्या की साधा कर्मचारी संचालकांपेक्षाही जास्त पाहू लागतो. म्हणून बदलीचा अर्ज आला की आधी सर्व भूमिकागट काढले जातात आणि मग नवे दिले जातात. हस्तांतरासाठी जुने काही दिवस हवे असतील तर ते संपण्याच्या तारखेसह दिले जातात.

सोडून जाणाऱ्याचे खाते पुसले जात नाही, बंद केले जाते. पुसलेल्या खात्याच्या जागी जुन्या नोंदींत आणि परवानग्यांत नुसता ओळखक्रमांक उरतो आणि त्यावरून माणूस ओळखता येत नाही. मनुष्यबळ विभागाकडून शेवटच्या दिवसाची सूचना आधी येते आणि त्या दिवशी कामाची वेळ संपताच खाते, व्हीपीएन आणि उघडी सत्रे एकत्र बंद होतात.

दर तिमाहीला प्रत्येक फोल्डरमालकाला त्याच्या गटांत कोण आहे याची यादी जाते आणि प्रत्येक नावापुढे ‘राहू द्या’ किंवा ‘काढा’ असे लिहून ती परत करायची असते. यादी परत आली नाही तर संचालकांकडे कळवले जाते. पहिल्या फेरीत एका प्रमुखाने सर्व नावांपुढे एकाच रेघेने ‘राहू द्या’ केले होते. ती यादी त्यांच्यासमवेत बसून पुन्हा वाचली तेव्हा त्यातली चार नावे गेली.

नोंदींच्या बाबतीत हात आखडता घेतला. प्रत्येक फाइलच्या प्रत्येक वाचनाची नोंद ठेवली तर लॉग इतका वेगाने भरतो की हवी ती घटना त्यात सापडण्याआधीच पुसली जाते. म्हणून प्रकल्पांच्या फोल्डरांत फक्त पुसण्याची व हलवण्याची नोंद होते, वेतनाच्या फोल्डरमध्ये वाचण्याचीही. त्या नोंदी लगेच दुसऱ्या यंत्रावर पाठवल्या जातात. वेतनाच्या फोल्डरच्या नोंदी नेटवर्क सांभाळणारा पाहत नाही, मनुष्यबळ प्रमुख पाहतात. कारण त्या नोंदींत सांभाळणाऱ्याचे स्वतःचेही नाव येऊ शकते.

बॅकअप

माहितीच्या एकूण तीन प्रती, दोन प्रकारच्या माध्यमांवर, त्यांपैकी एक कार्यालयाबाहेर, हे सर्वपरिचित सूत्र इथेही आहे. प्रवेशाच्या दृष्टीने महत्त्वाचे ते एवढेच की बॅकअपचे यंत्र निर्देशिकेत सामील नाही. निर्देशिकेचे सर्वोच्च खाते कोणाच्या हाती पडले तरी त्या खात्याने बॅकअप उघडत नाही, आणि बॅकअपचे यंत्र सर्व्हरकडून माहिती ओढून घेते, सर्व्हरला तिथे लिहिता येत नाही. दर महिन्याला एक फोल्डर प्रत्यक्ष परत आणून उघडून पाहिला जातो.

जे राहिले

आराखडे छापणारा मोठा प्लॉटर अजूनही निर्मात्याची मदत बंद झालेल्या जुन्या विंडोजवर चालणाऱ्या एका संगणकाला बांधलेला आहे. तो संगणक बदलला तर प्लॉटरही बदलावा लागेल आणि तो खर्च पुढच्या वर्षावर गेला आहे. तोवर त्याला स्वतःचा सातवा व्हीलॅन दिला आहे. तिथे छपाईच्या सर्व्हरकडून एकच वाट येते, इंटरनेट नाही, आणि त्या संगणकावर कोणाचेही निर्देशिकेतील खाते चालत नाही. कर्मचाऱ्यांच्या तारेच्या जोडण्यांवरही वाय-फायसारखीच ओळख मागावी हे काम बाजूला ठेवले आहे, कारण प्रिंटर आणि स्कॅनर त्यात बसत नाहीत आणि त्यांच्यासाठी ठेवलेल्या सवलतीच मग पळवाटा ठरतात.

दुसरी उरलेली बाब माणसाची आहे. नेटवर्क सांभाळणारा एकच आहे, आणि तो आजारी पडला किंवा सोडून गेला तर काय, याचे उत्तर म्हणून आणीबाणीचे एक सर्वोच्च खाते तयार केले आहे. त्याचा लांब पासवर्ड कागदावर लिहून दोन भागांत, दोन मोहोरबंद पाकिटांत, दोन संचालकांकडे वेगवेगळा ठेवला आहे. त्या खात्याने लॉगिन झाले की दोघांना ई-मेल जातो. तिमाहीच्या पाहणीत पाकिटांची मोहोर तपासली जाते, आणि वर्षातून एकदा ती फोडून लॉगिन करून पाहतात व नवा पासवर्ड पुन्हा दोन पाकिटांत बंद करतात.